डाळिंबी ठिपक्याची गोगलगाय

ती. ताई यांना,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुमच्या काळजात चर्र झालं असेल, कारण मी पत्र लिहिणाऱ्यांतला माणूस नाही. म्हणून आधी हेच सांगतो की इकडे सगळं ठीक आहे. बारकी ठीक आहे, मी ठीक आहे आणि डोंगरही जागच्या जागी आहे. (तो जरा गरम होतो आहे म्हणतात. त्याबद्दल पुढे.) तुमचा गुडघा कसा आहे? उजवा की डावा ते मला आठवत नाही. ही नेहमी "ताईचा गुडघा" एवढंच म्हणायची आणि इतक्या वर्षांत विचारायचं राहून गेलं. आता विचारणं बरं दिसत नाही, तरी दोन्ही बरे असोत. भाऊसाहेबांची कानाची मशीन दुरुस्त होऊन आली का? इथे पोचल्यावर मी फोन केला होता. भाऊसाहेबांनी उचलला. मी म्हटलं, मी पोचलो. ते म्हणाले, नको, कालच घेतले. मी पुन्हा सांगितलं, तर "एकदा नको म्हटलं ना" म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांनी आदल्या दिवशी काय घेतलं होतं ते कळवावं. मी बरेच दिवस विचार करतो आहे.

मी इथे कसा आलो ते तुम्हाला ठाऊकच आहे, कारण माझी बॅग भरायला तुम्हीच आला होता. ही गेल्यानंतर बारकीने ठरवून टाकलं की बाबा एकटे घरात बसून भिंतीकडे बघत राहतील. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपल्या दोन घरांमधली ती भिंत चांगली आहे आणि पलीकडून तुमचा आवाज तरी येतो. पण बारकी म्हणाली, "बाबा, एक हंगाम माझ्याकडे चला, डोंगरावर. तिथेही बघत बसता येतं, आणि त्याचा पगार मिळतो." मी आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम केलं, त्यामुळे बघत बसण्याचा पगार ही गोष्ट मला नवी नव्हती. मी हो म्हटलं. सामानात कपडे, चष्मा, माझे दोन चांगले पेन आणि हिची पुदिन्याची कुंडी, एवढंच होतं. कुंडी तुम्हाला दिसली नसेल, कारण ती मी तुम्ही गेल्यावर भरली, स्वेटरमध्ये गुंडाळून. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळीसुद्धा हिने त्या पुदिन्याला पाणी घातलं होतं आणि मला सांगितलं होतं, मी येईपर्यंत बघा जरा त्याच्याकडे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तेव्हा "येईपर्यंत" म्हणजे कुठवर हे मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी आपला बघत होतो.

आता ही कुंडी हाच सगळ्या प्रकरणाचा पाया आहे, म्हणून इथल्या फाटकाबद्दल सांगतो. या संशोधन केंद्राला फाटक आहे आणि फाटकाशी एक बाक आहे. येणाऱ्याला बाकावर बसवतात, त्याचे बूट काढून तळवे ब्रशने घासतात आणि मग ते जांभळ्या पाण्यात बुडवतात. पँटच्या दुमडी उलगडून झटकतात. मोज्यांना चिकटलेली कुसळं चिमट्याने एकेक करून काढतात आणि छोट्या पाकिटात बंद करतात. (माझ्या मोज्यांतून बरीच निघाली. मला फार लाज वाटली. ही असती तर तिला माझ्यापेक्षा जास्त वाटली असती.) हे सगळं इथल्या प्रमुख स्वतः उभ्या राहून करून घेतात. त्यांना सगळे "मोठ्या बाई" म्हणतात. त्या उंचीने लहान आहेत. त्यांनी मला समजावून सांगितलं, "काका, खालची माती, खालचं बी, खालचा किडा, काही म्हणजे काही वर येता कामा नये. डोंगर गरम होतोय तसं खालचं एकेक झाड, एकेक पाखरू आपणहून वर सरकतंय. कोण, कधी, किती वर आलं तेच तर आम्ही बघतोय. कुणी हाताने आणलं की आमची सगळी वर्षं पाण्यात."

हे मी हातात ओले बूट धरून ऐकत होतो आणि बॅगेत स्वेटर, स्वेटरात कुंडी, कुंडीत खालची भरपूर माती. मी बोलायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "चहा घेणार ना?" मी हो म्हटलं. झालं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी वाक्य जुळवतो तोवर लोक उठून गेलेले असतात. आमच्या घरात माझ्या वाटचंही हीच बोलायची, त्यामुळे कधी अडलं नाही. कुंडी मी माझ्या खोलीच्या खिडकीत, आतल्या बाजूला ठेवली आणि पडदा ओढून घेतला.

इथलं काम समजायला मला वेळ लागला. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. डोंगराच्या उतारावर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, दोऱ्या बांधून चौकोन आखलेले आहेत. प्रत्येक चौकोनातल्या प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला ठोकलेला आहे आणि दर हंगामाला त्याच्या कमरेचं माप घेतात. झाड सरकतं म्हणजे तेच झाड चालत नाही. (हे मी पहिल्याच जेवणात विचारून घेतलं आणि मग बराच काळ काही विचारलं नाही.) त्याची पोरं वर रुजतात आणि खालची म्हातारी वाळतात. काही चौकोनांत पारदर्शक फळ्यांचे बिनझाकणाचे खोके उभे केले आहेत. त्यांच्या आत बाहेरच्यापेक्षा थोडी ऊब राहते आणि पुढे जे सगळ्या डोंगराचं होणार आहे ते तेवढ्या तुकड्यात आधीच करून बघतात. शिवाय माथ्यावरचं गवत मातीसकट कापून खालच्या, उबदार जागी आणून लावलेलं आहे, ते नव्या हवेत कसं निभावतं ते बघायला. बारकी म्हणते, पहिल्या वर्षी ते गवत वाढत नाही आणि मरतही नाही, नुसतं असतं. पण नुसतं असतं हेसुद्धा ही मंडळी मांडी घालून बसून लिहून ठेवतात. मी अधूनमधून त्या गवताशेजारी जाऊन बसतो. आमचं बरं जमतं.

आल्या आल्या मी एक घोळ करून ठेवला. व्हरांड्यात वाळक्या पानांचे ढीग पडले होते. फुकट खातो आहे तर निदान झाडू तरी मारावा म्हणून मी सगळा व्हरांडा लख्ख झाडून काढला. ते ढीग म्हणजे जंगलातल्या जाळ्यांत वर्षभर पडलेला पाला होता. जातवार वेगळा करून वजनासाठी मांडलेला. इथे एक तरुण संशोधक आहे, तो शेवाळाचा अभ्यास करतो आणि त्याला शेवाळवाला म्हणतात. पाला त्याने निवडलेला होता. तो बाहेर आला, स्वच्छ फरशीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या झाडूकडे पाहिलं आणि नुसताच खाली बसला. मग आम्ही दोघांनी तो कचरा पुन्हा निवडला. काम होईतो आमची चांगली ओळख झाली आणि माझं अक्षर त्याच्या ध्यानात आलं. तेव्हा झाडू माझ्या हातून काढून घेतला आणि लेबलं लिहायचं काम दिलं. पाकिटांवर, बाटल्यांवर, डब्यांवर. काय, कुठे, कोणी. माझं अक्षर पाहून मोठ्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहिलं की वाळकं पानसुद्धा महत्त्वाचं वाटतं." मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी वाटलं.

असं सगळं रांगेला लागत असताना एका सकाळी शेवाळवाला हातात बरणी घेऊन वरून ओरडत आला. केंद्राच्या जवळच्या चौकोनातल्या एका खोक्यात त्याला गोगलगाय सापडली होती. तुम्ही म्हणाल, त्यात ओरडण्यासारखं काय? मलाही तसंच वाटलं. पण ही डोंगरातली गोगलगाय नव्हती. खालच्या बागांमधली साधी, आपल्याकडची, कोबी खाणारी. एवढ्या उंचीवर ती आजवर कुणाला दिसली नव्हती. आणि सापडली तीही नेमकी उबेच्या खोक्यात! मोठ्या बाई चष्मा कपाळावर ढकलून धावत आल्या. त्यांच्या हातातला पाव त्यांनी माझ्या हातात दिला आणि तो शेवटपर्यंत मागितला नाही. "आली!" त्या म्हणाल्या. "अरे, आली! खालून वर आली! पक्षी येतात, फुलपाखरं येतात, त्यांना पंख आहेत. ही पोटावर सरपटत आली!" बारकीने बाईंना मिठीच मारली. मी पाव धरून उभा होतो आणि कौतुकाने बघत होतो. एवढासा जीव, किती चालली असेल, असं मलाही वाटलं. मग शेवाळवाल्याने बरणी फिरवली आणि सगळे पुढे वाकले. तिच्या शंखावर एक ठिपका होता. नखं रंगवायच्या रंगाचा, लाल.

ताई, बाहेरच्या माणसाला असा ठिपका दिसला तर त्याला वाटेल, कुणीतरी घरी लावला असणार. पण या लोकांना तसं वाटणं शक्यच नाही, कारण गोगलगायींवर खूण करायला हे लोकच नखांचा रंग वापरतात. तो धुतला जात नाही आणि स्वस्त पडतो. केंद्राच्या कपाटात अशा बाटल्यांची रांग आहे. (मी प्रथम पाहिली तेव्हा मोठ्या बाईंबद्दल माझा वेगळाच समज झाला होता.) त्यामुळे सगळ्यांच्या मनात एकच आलं. आपण तर गोगलगायींवर खुणा केलेल्या नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केल्या. आणि दुसरं कोण? डोंगराच्या पलीकडच्या उतारावर दुसऱ्या संस्थेचं केंद्र आहे. तिथले सर आणि आपल्या मोठ्या बाई एकेकाळी एकाच वर्गात होते आणि तेव्हापासून एकमेकांचं बरं चाललेलं त्यांना सहन होत नाही. बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला, आवाज मोठा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आमच्या उतारावर गोगलगायी सोडल्यात तुम्ही?"

"आम्ही? आम्ही गोगलगायींचं कामच करत नाही. सकाळी सकाळी काय घेतलंत?"

"मग आमच्या चौकोनात रंग लावून कोणी पाठवली?"

"सापडली कितीवर?"

बाईंनी उंची सांगितली. पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"रंग कुठला म्हणालात?"

"लाल."

"हं," सर म्हणाले. "मग आमचीच असणार. एक छोटंसं काम चालू आहे आमचं. अजून कुणाला सांगितलेलं नाही. उद्या येतो घ्यायला. तोवर तिला नीट ठेवा, तुमच्या पद्धतीने नको."

बाईंनी फोन असा ठेवला की शेवाळवाला दोन पावलं मागे सरला. ते कसे घेऊन जातात तेच बघते, त्या म्हणाल्या. आणि तेव्हापासून बरणी त्यांच्या खोलीत.

माझी नजर मात्र त्या ठिपक्यावरून हलत नव्हती. कारण तो लाल नव्हता. बारकीला पदवी मिळाली त्या समारंभासाठी हिने आयुष्यात एकदाच नखांचा रंग घेतला होता. दुकानात मी शेजारी उभा होतो. दुकानदार लाल म्हणत होता, ही डाळिंबी म्हणत होती आणि दोघंही हटायला तयार नव्हते. तो रंग हिने त्या एकाच दिवशी लावला. मातीत हात घालणाऱ्या बाईची नखं कुठली टिकायला? उरलेली बाटली बागेच्या फळीवर गेली. पुढे पुदिन्यात गोगलगायी व्हायला लागल्या. त्यांना मारायचं हिच्या जिवावर यायचं. मग ही रोज संध्याकाळी त्या वेचायची, प्रत्येकीच्या पाठीवर त्या रंगाचा एक ठिपका द्यायची आणि लांब सोडून यायची. चार दिवसांनी ठिपक्यासकट परत कुंडीत. ही मला बोलवायची आणि म्हणायची, "बघा, घर ओळखतात त्या. आपणहून येतात." तिला याचा भारी अभिमान होता. म्हणजे आमच्या घरात एक संशोधन चालू होतं, फक्त ते छापलं गेलं नाही.

तेव्हा ही गोगलगाय कोणाची आणि डोंगर कशी चढली हे मला लगेच कळलं. ती स्वेटरमध्ये बसून जीपने आली होती. माझ्या पडद्यामागून खिडकीवाटे उतरली आणि व्हरांड्याच्या कडेने जवळच्या खोक्यात शिरली. नाही सांगितलं तर बारकीच्या हाताने एक खोटी गोष्ट जगभर जाणार. मोठ्या बाईंनी लिहायला घेतलंच होतं, आणि लिहिणाऱ्यांत बारकीचं नाव दुसरं. सांगितलं तर कुंडी जाणार. इथे नियम सरळ आहे. बाहेरची माती सापडली की ती भट्टीसारख्या ओव्हनमध्ये भाजायची, झाड जाळायचं आणि प्राणी असेल तर तो स्पिरिटच्या बाटलीत. हिच्या हाताचं जिवंत असं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. एक पुदिना आणि आता कळलं, एक गोगलगाय.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. जेवताना मी घसा साफ केला, तर स्वयंपाक्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि शेवाळवाल्याने पाठीवर थोपटलं. बारकीला एकटीला गाठलं आणि म्हटलं, "ती गोगलगाय..." तर ती म्हणाली, "बाबा, आईला किती आवडलं असतं ना हे?" आणि बाहेर निघून गेली. शेवटी मी त्या गवताशेजारी जाऊन बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने काही लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडचे सर आले. मोठ्या बाईंनी त्यांचे बूट दोनदा घासून घेतले आणि मोज्यांना स्वतः चिमटा लावला. सर रुबाबदार आहेत, दाढीला आकार आहे. येताना त्यांनी स्वतःची रिकामी बरणी आणली होती आणि तिच्यावर आधीच लेबल लावलेलं होतं. (अक्षर यथातथाच.) मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. मधोमध बरणीत ती गोगलगाय. तिने एवढ्या सगळ्यांत एकदाही मान बाहेर काढली नव्हती आणि मला तिचा स्वभाव ओळखीचा वाटला. दोघांचं सुरू झालं. आमचा चौकोन, आमची गोगलगाय, तुमचा नकाशा चुकीचा, तुमची दुर्बीण चोरलेली. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, लेबल लिहा. सापडली आमच्या हद्दीत, नाव लागणार आमचं." मी पेन उघडलं. वरची ओळ लिहिली. खाली लिहायचं होतं, 'कशी आली'. बाईंनी सांगितलं, "लिहा, आपणहून." माझं पेन तिथेच थांबलं. नकाशे काढताना मी कधी न मोजलेली रेघ मारली नव्हती, तसा काहीसा हात अडला.

"लिहा काहीही," सर म्हणाले. "रंग तर आमचाच आहे. आम्ही लालच वापरतो."

"लाल नाही," मी म्हटलं. "डाळिंबी आहे."

ताई, खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. केंद्रात मी मोठ्याने बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं. पुढचं मला बोलता येईना, म्हणून उठलो, खोलीत गेलो, कुंडी आणली आणि टेबलावर ठेवली. पुदिना फुलावर आला होता. मी पुन्हा बसलो आणि म्हटलं, "ही आमच्याकडची आहे. यातून आली."

टेबलाभोवतीच्या सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या. कुंडीत साप असता तर हे लोक पुढे सरकले असते. शेवाळवाल्याने तोंडावर हात ठेवला. सरांनी बरणी उचलून डोळ्यांपाशी नेली आणि ते म्हणाले, "नीट बघितल्यावर वाटतंय खरं. आमची जरा मोठी होती." त्यांच्या हातातून बरणी बारकीने घेतली. उजेडात धरली. फिरवली. आणि म्हणाली, "हा आईचा आहे." एवढंच. मग मोठ्या बाईंकडे बघून तिने सगळं सांगितलं, बाटलीचं, समारंभाचं, गोगलगायी घर ओळखतात त्याचं. मला वाटलं होतं तिला यातलं काही माहीत नसेल. मी निम्मंच सांगितलं असतं, तेही वाईट.

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी लिहायला घेतलेले कागद दुमडून ठेवले आणि विचारलं, "कुंडीत अजून किती आहेत?" मी म्हटलं, माहीत नाही. मग दिवसभर सगळे गुडघ्यांवर. मी, बारकी, शेवाळवाला, स्वयंपाकी, बाई, आणि आकाराच्या दाढीचे सरसुद्धा. (त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण ते आपणहून वाकले. हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.) अख्खी पडवी, खिडकीखालची जागा, जवळचे खोके, सगळं बोटांनी चाचपून काढलं. दोन पिल्लं मिळाली, बिनठिपक्याची, माझ्या खिडकीच्या चौकटीतच. लांब कुणी गेलेलं नव्हतं. बाईंनी कंबर धरून सरळ होत म्हटलं, "वाचलो." मग सरांना म्हणाल्या, "तुमचं ते छोटंसं काम कसं चाललंय?" सर म्हणाले, "थांबवलंय सध्या." आणि दोघंही हसायला लागले ते चहा येईपर्यंत.

कुंडी मी स्वतः नेली. नियम म्हणजे नियम, आणि तो बरोबर आहे हे मला पटलं आहे. माती ओव्हनमध्ये गेली, पुदिना मुळासकट तिच्यावर ठेवला. थोड्या वेळात सगळ्या केंद्रात पुदिन्याचा वास भरला. स्वयंपाकी येऊन विचारून गेला की माझ्या नकळत कोणी काय शिजवतंय. बारकी माझ्याशेजारी ओव्हनसमोर बसून होती. ही गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. म्हणाली, वास डोळ्यांत जातोय. मी म्हटलं, माझ्याही.

गोगलगायीचं राहिलं होतं. मोठ्या बाईंनी स्पिरिटची बाटली काढली. मी म्हटलं, "ही नको." दोन दिवसांत माझं हे दुसरं धाडस. बाईंनी बाटली खाली ठेवली. मग त्यांनी नियमांची जाडी फाईल काढली आणि एक ओळ शोधली, "किंवा मूळ ठिकाणी परत पाठवावे." ही ओळ त्यांनी आजवर कधी वापरली नव्हती म्हणतात. नवं लेबल मीच लिहिलं, बाई सांगत गेल्या. प्रकार: साधी, बागेतली. कशी आली: माणसाने आणली. खूण कोणी केली: इथे बाई बोलायच्या थांबल्या. मी हिचं नाव लिहिलं. पूर्ण. ते शेवटचं दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, इथे लिहिताना हात बरा चालला.

असं झालं. आता सगळं ठीक आहे. मला कुणी काढून टाकलेलं नाही, उलट फाटकाशी बाकावर बसायचं काम दिलं आहे, कारण कुंडी कशी लपवतात हे इथे फक्त मलाच ठाऊक आहे. जेवण व्यवस्थित, थंडी सोसवेल इतपत. तुम्ही माझी काळजी करू नये. मला कशाचीही गरज नाही. भाऊसाहेबांना नमस्कार, मशीन कानात असेल तर.

तुमचा,
बारकीचा बाबा

ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या जीपवाल्याकडे एक भोकं पाडलेला डबाही आहे. त्यात काय आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमचं घर बंद, अंगण वाळलेलं. तुम्हाला गोगलगायींचा किती तिटकारा आहे हे मी जाणतो, तरी तिला तुमच्या बागेत ठेवून घ्यावी. कोबीचं एखादं बाहेरचं पान तिला पुरेल. हे विचारण्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. वरचं सगळं प्रस्तावना समजावं.

ता. क. (दुसरा) तुम्हा दोघी बहिणींचं शेवटचं भांडण गोगलगायींवरून झालं आणि त्यानंतर ही दवाखान्यातच गेली, हे तुम्ही मनाला लावून घेतलं आहे. बॅग भरताना तुम्ही दोनदा बोलायला थांबला होता. मी तेव्हा काही बोललो नाही, त्याचं कारण वर सविस्तर आलंच आहे. तेव्हा आता सांगतो. ही रागावलेली नव्हती. "लांब सोडून यायची" असं मी वर लिहिलं, ते लांब म्हणजे तुमची बाजू. स्टुलावर चढून, हात लांब करून, एकेक अलगद भिंतीपलीकडे ठेवायची. मी स्टूल धरायचो. उतरताना तिला इतकं हसू यायचं की मला दोघांचा तोल सांभाळावा लागायचा.

ता. क. (शेवटचा) त्या आपणहून परत येतात हा हिचा सिद्धान्त होता आणि तो मी कधी मोडला नाही. पण मी खिडकीत बसणारा माणूस आहे. भिंतीवरून एकेक गोगलगाय परत आमच्या बाजूला ठेवणारा हात मी पुष्कळदा पाहिला आहे, तुमच्या रुंद पट्ट्याच्या घड्याळासकट. हिला मी सांगितलं नाही आणि मोठ्या बाईंनाही नाही. एवढीच विनंती, या वेळी ती परत भिंतीवर ठेवू नका. आमच्या बाजूला सध्या घ्यायला कोणी नाही.